पीआरसी येणार म्हणजे नक्की कोण येणार? विधिमंडळाच्या समित्या आणि त्यांचे अध्यक्ष



जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना "पीआरसी येणार" या दोन शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. आठ-दहा दिवस आधीच केंद्रप्रमुखांचे फोन सुरू होतात. हजेरीपट, साठा रजिस्टर, पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, कॅशबुक, सगळं काढून ठेवायचं. भिंती रंगवायच्या. मुलांना पाढे पुन्हा घोकायला लावायचे. मी नोकरीला लागलो त्या वर्षी आमच्याकडेही अशीच धांदल उडाली होती आणि खरं सांगतो, येणारे लोक कोण आहेत, कुठून येणार आहेत, त्यांना आम्हाला विचारायचा अधिकार कोणी दिला, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी आपला समजत होतो की तालुक्याच्या पंचायत समितीतूनच कोणीतरी येणार!

ही चूक पुष्कळ जण करतात. म्हणून आधी तीच दुरुस्त करू. पंचायत समिती ही तालुक्याची स्थानिक स्वराज्य संस्था. तिचे सदस्य तुम्ही-आम्ही निवडतो, तिला सभापती असतो. पंचायत राज समिती मात्र महाराष्ट्र विधिमंडळाची समिती आहे. तिचे सदस्य म्हणजे विधानसभेचे आणि विधान परिषदेचे आमदार. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचे लेखापरीक्षण अहवाल व प्रशासन अहवाल तपासणं हे तिचं काम. म्हणजे नावं सारखी वाटली तरी एक तपासली जाणारी आणि दुसरी तपासणारी. परीक्षेत या दोन नावांवर हमखास मार्क जातात.

तर आजचा आपला विषय आहे अशा समित्यांचा. त्या कशा बनतात, त्यांत कोण बसतं, आणि मुख्य म्हणजे अध्यक्षाच्या खुर्चीवर कोणाला बसवायचं हे कोण ठरवतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा भाग दोन-चार ओळींत संपतो. पण सरकारला हिशेब विचारण्याची सगळी ताकद या खुर्चीभोवती फिरते, म्हणून जरा निवांत पाहू.

समिती लागतेच कशाला?

विधानसभेत २८८ आमदार, विधान परिषदेत ७८. लोकसभेत ५४३ खासदार. एवढ्या मोठ्या सभेत एखाद्या खात्याच्या खर्चाचा एकेक आकडा तपासणं शक्य आहे का? अधिवेशन काही आठवड्यांचं. त्यात प्रश्नोत्तरं, विधेयकं, अर्थसंकल्प, शिवाय गोंधळात वाया जाणारे दिवस वेगळेच. म्हणून सभागृह आपल्यातलेच थोडे सदस्य निवडून त्यांच्यावर एकेक काम सोपवतं. लग्नघरात भटजी, आचारी, मांडववाला यांच्याकडे एकेकाला लावून देतात, तसंच. संसदेच्या सभागृहांना आपले नियम करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ११८ ने दिला आहे आणि राज्याच्या विधिमंडळाला कलम २०८ ने. समित्यांची रचना या नियमांतून येते.

ढोबळमानाने दोन प्रकार. कायम चालणाऱ्या त्या स्थायी समित्या. एका कामापुरत्या नेमलेल्या, अहवाल दिला की संपणाऱ्या त्या तदर्थ समित्या. २००३ मध्ये शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचा गाजावाजा झाला, तेव्हा संसदेने संयुक्त समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते शरद पवार. अहवाल आला, समिती संपली. अशी संयुक्त संसदीय समिती नेमायला एका सभागृहाने ठराव करावा लागतो आणि दुसऱ्याने त्याला संमती द्यावी लागते.

स्थायी समित्यांत वजनदार कोणत्या? पैशांच्या. लोकलेखा समिती, अंदाज समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती. संसदेतही आहेत, आपल्या विधिमंडळातही आहेत. त्याशिवाय केंद्रात मंत्रालयांवर लक्ष ठेवणाऱ्या २४ विभागनिहाय स्थायी समित्या आहेत. १९९३ मध्ये त्या १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. त्यांतल्या १६ लोकसभेच्या अखत्यारीत, ८ राज्यसभेच्या. महाराष्ट्रात याखेरीज आश्वासन समिती, विनंती अर्ज समिती, अनुसूचित जाती कल्याण, अनुसूचित जमाती कल्याण, महिला व बालकांचे हक्क व कल्याण अशा कितीतरी. यादी पाठ करू नका. एक कामाची गोष्ट करा, तुमच्या मतदारसंघाचा आमदार कोणत्या समितीत आहे तेवढं शोधून काढा.

सदस्य कसे येतात?

दोन वाटा आहेत, निवडणूक आणि नियुक्ती.

संसदेच्या लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात. लोकसभेचे १५, राज्यसभेचे ७. मुदत एक वर्ष. हे सदस्य दरवर्षी सभागृह आपल्यातून निवडतं, तेही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या, एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने. नाव ऐकून घाबरू नका, गणित सोपं आहे. जागा १५. मतदार ५४३ आहेत आणि सगळ्यांनी मत दिलं असं धरू. जागांत एक मिळवायचा, म्हणजे १६. ५४३ ला १६ ने भागायचं, ३३ पूर्णांक काहीतरी येतात. अपूर्णांक सोडून एक मिळवायचा, झाले ३४. म्हणजे ज्या पक्षाकडे ३४ खासदार आहेत, त्याचा एक माणूस कोणीही अडवू शकत नाही. बहुमतवाल्याला सगळ्याच्या सगळ्या जागा घेता येऊ नयेत म्हणून ही पद्धत. प्रत्यक्षात मतदानापर्यंत वेळ क्वचितच येते. पक्ष आपापसात आकडे जुळवतात आणि जागा तेवढेच अर्ज भरले जातात, की झाली बिनविरोध निवड. अगदी गावच्या सोसायटीसारखं!

अंदाज समितीत ३० सदस्य आणि सगळे लोकसभेचे. राज्यसभेचा एकही नाही. हा प्रश्न परीक्षेत पुन्हा पुन्हा येतो.

विभागनिहाय समित्यांत मात्र निवडणूक नाही. प्रत्येकीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. लोकसभेचे सदस्य लोकसभेचे अध्यक्ष नेमतात आणि राज्यसभेचे सभापती. नावं पक्ष देतात. कोणाला किती, हे संख्याबळावर. ५४३ भागिले २१ केलं तर साधारण २६ खासदारांमागे एका समितीत एक जागा पडते. २०२४ च्या निकालात भाजपचे २४० खासदार आले, त्यांना एका समितीत नऊच्या आसपास. काँग्रेसचे ९९, त्यांना चारच्या आसपास. मग आठ-नऊ खासदारांच्या पक्षांचं काय? तर एकूण जागा होतात २१ गुणिले २४, म्हणजे ५०४. मंत्री वगळले तर जवळजवळ प्रत्येक खासदाराला कुठे ना कुठे एक जागा मिळते. लहान पक्षाला प्रत्येक समितीत माणूस देता येत नाही एवढंच.

मंत्री वगळले असं का म्हटलं? कारण मंत्र्याला या समित्यांत बसता येत नाही. सदस्य मध्येच मंत्री झाला तर त्याचं सदस्यत्व संपतं. ज्याचा पेपर तपासायचा, त्यालाच तपासनीस कसं करणार?

आता खुर्ची

नियम काय म्हणतो ते आधी. लोकसभेच्या नियमावलीतला नियम २५८. समितीचा अध्यक्ष समितीच्या सदस्यांमधूनच, पण लोकसभेचे अध्यक्ष नेमतात. सदस्य मतदान करून निवडत नाहीत. लोकसभेचे उपाध्यक्ष त्या समितीचे सदस्य असतील तर अध्यक्षपद त्यांनाच. कामकाज सल्लागार समिती आणि नियम समिती यांचे प्रमुख स्वतः लोकसभेचे अध्यक्ष असतात. राज्यसभेच्या अखत्यारीतल्या समित्यांना सभापती अध्यक्ष देतात. आपल्याकडेही साधारण हेच. वर्तमानपत्रांत कधी "समितीचे अध्यक्ष" तर कधी "समितीप्रमुख" असं छापतात, गोंधळू नका, माणूस एकच.

एवढ्यावर थांबलो तर विषय समजला असं वाटेल. पण नियमात जे लिहिलेलं नाही, तेच इथे जास्त महत्त्वाचं आहे. लोकलेखा समितीची गोष्ट पाहा.

ही समिती पहिल्यांदा स्थापन झाली १९२१ मध्ये, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर. सरकारने केलेला खर्च मंजुरीप्रमाणे झाला का, हे पाहणं तिचं काम. आणि तिचा अध्यक्ष कोण? खुद्द सरकारचा वित्त सदस्य, आजच्या भाषेत अर्थमंत्री! म्हणजे पैसे खर्च करणाऱ्या घरातलाच माणूस हिशेब तपासायला बसलेला. असं १९५० च्या जानेवारीपर्यंत चाललं. घटना लागू झाली आणि समिती सभागृहाच्या अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. तेव्हा त्या आसनावर दादासाहेब मावळंकर होते. मंत्री समितीतून बाहेर गेले. तरी पुढची सतरा वर्षं खुर्ची सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराकडे राहिली.

१९६७ मध्ये ती पहिल्यांदा विरोधी बाकांकडे गेली. स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी अध्यक्ष झाले. तेव्हापासून हे पद विरोधी पक्षाच्या लोकसभा सदस्याला देण्याचा प्रघात पडला. अटलबिहारी वाजपेयी यांनीही हे पद सांभाळलं आहे. २०२४ मध्ये काँग्रेसचे के. सी. वेणुगोपाल यांची नेमणूक झाली, तीही याच प्रघातानुसार. पण नियम उघडून पाहा, त्यात विरोधी पक्ष हा शब्दच नाही. हा संकेत आहे, नियम नाही. वडिलांच्या ताटाआधी लहानांनी जेवायला बसायचं नाही, असं कुठे लिहून ठेवलेलं असतं का? तरी घरात पाळलं जातं. पण एखाद्याने नाही पाळलं, तर कोर्टात जाता येत नाही ना!

पश्चिम बंगालमध्ये हे दिसलं. २०२१ च्या निवडणुकीत मुकुल रॉय भाजपच्या तिकिटावर आमदार झाले आणि जूनमध्ये तृणमूल काँग्रेसमध्ये परत गेले. जुलैमध्ये विधानसभा अध्यक्षांनी त्यांनाच लोकलेखा समितीचं अध्यक्षपद दिलं. कागदावर ते भाजपचे, म्हणजे विरोधी पक्षाचे. संकेताचे शब्द पाळले, अर्थ गेला! भाजपच्या आमदारांनी निषेध म्हणून इतर समित्यांची अध्यक्षपदं सोडली, प्रकरण न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये रॉय यांनी त्या पदाचा राजीनामा दिला.

विभागनिहाय समित्यांची अध्यक्षपदं तर सरळ वाटाघाटीनं ठरतात. संसदीय कामकाज मंत्री आणि पक्षांचे नेते बसतात, कोणाला किती आणि कोणती यावर घासाघीस होते, आणि मग पीठासीन अधिकाऱ्यांच्या सहीनं यादी निघते. २०२४ च्या सप्टेंबरात निघालेल्या यादीत २४ पैकी ११ भाजपकडे, ४ काँग्रेसकडे, तृणमूल आणि द्रमुककडे दोन-दोन, उरलेली पाच एकेक करून पाच पक्षांकडे. त्यांत आपल्याकडचे सुनील तटकरे पेट्रोलियमच्या आणि श्रीरंग बारणे ऊर्जेच्या समितीवर. शिक्षण खात्याची समिती दिग्विजय सिंह यांच्याकडे, ही शिक्षकांनी नोंद करून ठेवावी. निकाल लागला होता ४ जूनला. म्हणजे जवळजवळ पावणेचार महिने या समित्याच नव्हत्या आणि मंत्रालयं मात्र रोज चालू होती. या उशिराबद्दल कोणी फारसं बोलत नाही, मला तो खटकतो.

आणि दिलेली खुर्ची काढूनही घेता येते. समित्यांची मुदत वर्षाची असल्यामुळे दर वर्षी नवा डाव मांडला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये गृह आणि माहिती-तंत्रज्ञान या दोन्ही समित्यांचं अध्यक्षपद काँग्रेसकडून गेलं. माहिती-तंत्रज्ञान समितीत शशी थरूर यांच्या जागी आले आपल्या बुलढाण्याचे प्रतापराव जाधव. नियमभंग काही नाही. पण वर्षभरात अध्यक्षाला खातं कळायला लागतं न लागतं तोच बदल, हे शिक्षकाची दर जूनला बदली करण्यासारखं आहे. वर्गाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरीकडे कसं करतात? ब्रिटनमध्ये २०१० पासून बहुतेक निवड समित्यांचे अध्यक्ष सगळं सभागृह गुप्त मतदानाने निवडतं. कोणती समिती कोणत्या पक्षाकडे हे आधी ठरतं, पण त्या पक्षातला माणूस कोणता हे नेता ठरवत नाही, सभागृह ठरवतं. आणि तिथल्या लोकलेखा समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचाच, हे त्यांनी नियमात लिहून टाकलं आहे. अमेरिकेत अगदी उलट. सभागृहात ज्या पक्षाचं बहुमत, सगळ्या समित्यांचे अध्यक्ष त्याच पक्षाचे. मला विचाराल तर ब्रिटनची पद्धत आपण उचलायला हरकत नाही, निदान लोकलेखापुरती तरी.

अध्यक्ष विरोधी, बहुमत सत्ताधारी. मग?

इथे वर्गात नेहमी हात वर होतो. "सर, अध्यक्ष विरोधी पक्षाचा असला तरी समितीत माणसं सरकारचीच जास्त ना?" बरोबर. समितीचे निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतात. अध्यक्षाला निर्णायक मत मिळतं, पण ते दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच.

एप्रिल २०११ मध्ये टू-जी स्पेक्ट्रमच्या प्रकरणात याचा कस लागला. लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते मुरली मनोहर जोशी. त्यांच्या मसुद्यात सरकारवर कडक ताशेरे होते. २८ एप्रिलच्या बैठकीत एवढी खडाजंगी झाली की जोशी बैठक तहकूब करून निघून गेले. मागे राहिलेल्या सदस्यांनी सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्षस्थानी बसवलं आणि मसुदा बहुमताने फेटाळला. त्यांचा आधार कोणता? त्याच नियम २५८ मध्ये पुढे म्हटलंय की अध्यक्ष एखाद्या बैठकीला गैरहजर असेल तर सदस्य त्या बैठकीपुरता दुसरा निवडतील. पण बैठक तहकूब झाली असेल तर ती बैठक उरतेच कुठे, असा दुसऱ्या बाजूचा सवाल. जोशींनी अहवाल लोकसभेच्या अध्यक्षा मीरा कुमार यांच्याकडे पाठवला. त्यांनी तो परत केला.

मग अध्यक्षाच्या हातात असतं तरी काय? पुष्कळ असतं. कोणता विषय आधी घ्यायचा, कोणत्या सचिवाला साक्षीला बोलवायचं, कोणती कागदपत्रं मागवायची, अहवालाचा मसुदा कसा मांडायचा, यावर त्याची छाप पडते. शिवाय बैठका बंद दाराआड होतात, टीव्हीचे कॅमेरे नसतात. पक्षाचा व्हिपही समितीत लागू होत नाही. पक्षांतरबंदी कायद्यातली मतदानाची अट सभागृहातल्या मतदानापुरती आहे. त्यामुळे सत्ताधारी पक्षाचा खासदारही तिथे आपल्याच सरकारच्या अधिकाऱ्याला धारेवर धरू शकतो, आणि धरतोही.

फक्त एक. समिती शिफारस करते, हुकूम देत नाही. लोकलेखा समितीच्या शिफारशींवर काय केलं ते सरकारने सहा महिन्यांत कळवायचं असतं, विभागनिहाय समित्यांना तीन महिन्यांत. उत्तर समाधानकारक नसेल तर समिती दुसरा अहवाल लिहून तसं नोंदवते. आणि विधेयक समितीकडे पाठवायचंच, असं बंधन नाही. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. खुर्चीवर कोण, या भांडणाइतकाच टेबलावर कागद येतो का, हाही प्रश्न आहे.

आता आमच्या शाळेत काय झालं ते. पीआरसीचा एक गट दुपारी आला. पाढे कोणी विचारलेच नाहीत. एक आमदार बाई थेट मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेल्या आणि त्यांनी नळ सोडून पाहिला. पाणी आलं नाही. रजिस्टरमध्ये "पाण्याची सोय आहे" असं लिहिलेलं, सही माझीच. त्या मला काही बोलल्या नाहीत, सोबतच्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "साक्षीच्या वेळी हे सांगावं लागेल." दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी वरिष्ठांना त्याचं उत्तर द्यावं लागलं. सव्वा महिन्यानं पाईप जोडला गेला. त्या बाई कोणत्या पक्षाच्या होत्या, हे मला आजही ठाऊक नाही.

सरावासाठी: समजा एका विधानसभेत २८८ आमदार आहेत आणि एका समितीवर १५ जागा एकल संक्रमणीय मताने भरायच्या आहेत. सगळ्यांनी मत दिलं तर एक जागा पक्की करायला किती मतं लागतील? (उत्तर: १९. रीत वहीत लिहा.)